बाकावरचे आठ खेळाडू आणि बारा मिनिटांची परीक्षा

२ नोव्हेंबर २०१९. जपानमधील योकोहामा येथे रग्बी विश्वचषकाचा अंतिम सामना सुरू होऊन जेमतेम तीन मिनिटे झाली होती. दक्षिण आफ्रिकेच्या खेळाडूला अडवताना इंग्लंडचा काईल सिंकलर याच्या डोक्यावर आपल्याच सहकाऱ्याचा कोपर आदळला आणि तो जागेवरच बेशुद्ध पडला. शुद्धीवर आल्यानंतर तो आधार घेत चालत बाहेर गेला, पण त्याचा सामना तिथेच संपला. त्याच्या जागी आलेल्या डॅन कोलला उरलेली सत्त्याहत्तर मिनिटे जवळजवळ एकट्याने रेटावी लागली.

विसाव्या मिनिटाच्या सुमारास दक्षिण आफ्रिकेचेही दोन धिप्पाड खेळाडू एकापाठोपाठ जायबंदी झाले. पण त्यांच्या बाकावर त्याच कामाचे सहा ताजेतवाने गडी बसलेले होते. मध्यंतरानंतर काही मिनिटांतच त्यांनी आणखी दोन दमदार खेळाडू उतरवले. आफ्रिकेने सामना ३२-१२ असा जिंकला.

या एका सामन्यात रग्बीतल्या बदली खेळाडूंची दोन्ही रूपे दिसतात. एक बदल प्रशिक्षक करतो. कोण दमला, कोणाचा खेळ आजच्या परिस्थितीला चालत नाही, शेवटच्या वीस मिनिटांत कोणाची ताकद लागेल, हा त्याचा हिशेब. दुसरा बदल प्रशिक्षकाला विचारून होत नाही. तो डॉक्टर करतो आणि त्यात जिंकण्या-हरण्याला जागा नसते. माणसे त्याच बाकावरून उठतात, त्यामुळे प्रेक्षकांना दोन्ही बदल सारखेच दिसतात. रग्बीच्या गेल्या पन्नास-साठ वर्षांतील बहुतेक वाद मात्र या दोन निर्णयांची सरमिसळ झाली तेव्हाच उद्भवले आहेत.

आठ जागांचा हिशेब

रग्बी युनियनमध्ये मैदानावर १५ आणि बाकावर ८, असा २३ जणांचा संघ असतो. सामना ८० मिनिटांचा. पंधरापैकी आठ जण ‘फॉरवर्ड’, म्हणजे रेटारेटीचे काम करणारे आणि सात जण ‘बॅक’, म्हणजे धावणारे, चेंडू फेकणारे, लाथाडणारे. फॉरवर्डांचे सर्वांत कष्टाचे काम म्हणजे ‘स्क्रम’. दोन्ही संघांचे आठ-आठ जण एकमेकांत माना अडकवून समोरासमोर रेटा देतात. आंतरराष्ट्रीय संघातील या आठ जणांचे एकत्रित वजन नऊशे किलोच्या आसपास भरते आणि भिडण्याच्या क्षणी एक टनाहून अधिक बळ लागते. कबड्डीत चढाई करणाऱ्याला सात जण मिळून पकडतात, तेव्हा होणारी रेटारेटी डोळ्यांसमोर आणली तर थोडी कल्पना येईल. फक्त इथे दोन्ही बाजूंनी पकडच असते.

स्क्रमच्या पहिल्या रांगेत तीन जण असतात. मध्ये ‘हुकर’ आणि त्याच्या दोन्ही बाजूंना ‘प्रॉप’. सगळा रेटा त्यांच्या मानेवर आणि पाठीच्या कण्यावर येतो. सराव नसलेला माणूस तिथे उभा केला आणि स्क्रम कोसळला, तर मानेतील मज्जारज्जूला इजा होऊन कायमचे अपंगत्व येऊ शकते. म्हणून आठ राखीव खेळाडूंपैकी तिघे पहिल्या रांगेत खेळू शकणारे असलेच पाहिजेत, असा नियम आहे. तरीही तयार माणूस उरला नाही, तर पंच स्क्रम रेट्याविना घेतात. थोडक्यात, बाकावरच्या तीन जागा प्रशिक्षकाच्या मर्जीआधीच सुरक्षेच्या नियमाने भरलेल्या असतात. त्याच्या हातात उरतात पाच.

या पाचांची वाटणी कशी करायची, यावर सध्या बराच विचार होतो. पूर्वी बहुतेक संघ पाच फॉरवर्ड आणि तीन बॅक ठेवत. २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे प्रशिक्षक रासी इरास्मस यांनी सहा-दोन अशी विभागणी ठेवली. त्या सहा जणांना ‘बॉम्ब स्क्वॉड’ असे नाव पडले. त्याच सुमारास इंग्लंडचे प्रशिक्षक एडी जोन्स बदली खेळाडूंना ‘फिनिशर’ म्हणू लागले होते. बाकावर बसणे म्हणजे कमी प्रतीचा ठरणे नव्हे, सामना संपवण्याची जबाबदारी मिळणे, हे त्यांना ठसवायचे होते.

दमणे म्हणजे नेमके काय?

फॉरवर्ड आधी दमतात, यामागे शरीरशास्त्र आहे. ८० मिनिटांपैकी चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो निम्म्याहूनही कमी वेळ. पण त्या वेळात पुन्हा पुन्हा काही सेकंदांचा जीव तोडून जोर लावावा लागतो. असा जोर देणारे स्नायूंतील वेगवान तंतू ताकदवान असतात, पण लवकर थकतात. त्यांचे तातडीचे इंधन म्हणजे फॉस्फोक्रिएटिन. ते काही सेकंदांत उतरणीला लागते आणि पुरते भरून यायला काही मिनिटे लागतात. पुढची धडक त्याआधीच येते. स्नायूंत साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, ती सामन्याच्या उत्तरार्धात आटत जाते. बॅक खेळाडू जास्त अंतर धावतो, पण त्याला मधे मधे उसंत मिळते. एकशेवीस किलोचा प्रॉप मात्र स्क्रममधून उठतो, धावतो, भिडतो, जमिनीवर पडतो आणि पुन्हा उठतो.

थकवा केवळ पायांत येत नाही. मेंदूकडून स्नायूंना जाणारे आदेशही मंदावतात आणि समोरच्याची हालचाल ओळखून प्रतिसाद द्यायला उशीर होऊ लागतो. दमलेला खेळाडू कमरेतून आणि गुडघ्यांतून पुरेसा वाकत नाही. समोरच्याला तो ताठ उभ्यानेच अडवतो आणि दोघांची डोकी एका उंचीवर येतात. जागतिक संघटनेने केलेल्या पाहणीत डोक्याच्या सुमारे तीन चतुर्थांश दुखापती अशा अडवण्याच्या प्रसंगांत, म्हणजे ‘टॅकल’मध्ये, झाल्याचे आढळले. त्यातही बहुतांश वेळा इजा अडवणाऱ्यालाच झाली होती आणि ताठ उभ्याने अडवणे जास्त धोक्याचे ठरले होते. म्हणजे दमलेल्या खेळाडूला वेळेवर बाहेर काढणे ही केवळ डावपेचाची बाब नाही.

हा थकवा मोजायचा कसा? खेळाडूच्या जर्सीच्या आत, दोन खांद्यांच्या मधोमध, काड्यापेटीएवढे उपग्रहाधारित यंत्र बसवलेले असते. कोण किती धावला, त्यातले वेगाने किती, किती धडका बसल्या, याचे आकडे सामना चालू असतानाच संगणकाच्या पडद्यावर येतात. प्रशिक्षक उंचावरच्या कक्षात बसतो, साहाय्यक हे आकडे पाहतात, मैदानालगतच्या माणसाशी बिनतारी संपर्क असतो. पहिला अंदाज मात्र सामन्याआधीच मांडलेला असतो. प्रॉप साधारण पन्नाशीच्या मिनिटाला, हुकर त्यानंतर, असे वेळापत्रक. मग आकड्यांच्या जोडीला डोळे लागतात. कोण पडल्यावर उठायला वेळ लावतो, कोण कमरेवर हात ठेवून उभा आहे, बचावाच्या रांगेत कोण दोन पावले मागे राहतो. चांगला प्रशिक्षक वेळापत्रक खिशात ठेवतो, पण त्याचा गुलाम होत नाही.

पैज आणि तिची किंमत

२०२३ च्या विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेने ही कला अगदी टोकाला नेली. इंग्लंडविरुद्धच्या उपांत्य सामन्यात पाऊस पडत होता आणि चेंडू निसरडा झाला होता. आपला खेळ जुळत नाही हे दिसताच आफ्रिकेने ३१व्या मिनिटालाच मानी लिबोक या मोक्याच्या जागेवरील खेळाडूला काढून हँड्रे पोलार्डला आणले. लिबोकला दुखापत झालेली नव्हती. इतक्या लवकर खेळाडू बदलणे म्हणजे आपली निवड चुकली हे साऱ्या जगासमोर मान्य करणे, आणि पुष्कळ प्रशिक्षक तेवढ्यासाठीच मध्यंतरापर्यंत थांबतात. इथे थांबले नाहीत. पुढे बदली फॉरवर्डांनी स्क्रममध्ये इंग्लंडला हलवले, बाकावरून आलेल्या आर. जी. स्नायमनने ट्राय केला आणि शेवटची काही मिनिटे उरली असताना पोलार्डने जवळपास ५० मीटरवरून मारलेल्या पेनल्टीने सामना १६-१५ असा फिरला.

हा पोलार्ड मुळात निवडलेल्या संघात नव्हता. स्पर्धेदरम्यान हुकर माल्कम मार्क्स जखमी झाला, तेव्हा त्याच्या जागी दुसरा हुकर न बोलावता पोलार्डला बोलावले गेले. त्याची किंमत अंतिम सामन्यात समोर आली. न्यूझीलंडविरुद्ध आफ्रिकेने बाकावर सात फॉरवर्ड आणि एकच बॅक ठेवला होता. सुरुवातीच्या काही मिनिटांतच हुकर बोंगी म्बोनाम्बी गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेला आणि मूळचा दुसऱ्या जागेवरचा, ३७ वर्षांचा डिऑन फूरी उरलेला सामना हुकर म्हणून खेळला. आफ्रिका १२-११ अशी जिंकली आणि ते बाराही गुण पोलार्डचे होते. पैज लागली, पण एका गुणाने.

मार्च २०२५ मध्ये फ्रान्सने डब्लिनमध्ये आयर्लंडविरुद्ध अशीच सात-एक विभागणी केली. पूर्वार्धातच कर्णधार अँतोनी ड्युपाँच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि बाकावरचा एकमेव बॅक तिथेच खर्ची पडला. त्यानंतर आणखी एक बॅक बाहेर गेला, तेव्हा ऑस्कार जेगू या फॉरवर्डला बॅकच्या जागेवर खेळावे लागले. फ्रान्सने तरीही ४२-२७ असा विजय मिळवला. बाकाची आखणी करताना दुखापतींचा अंदाज बांधावाच लागतो, आणि दुखापत कोणाला होणार हे ठरवणे कोणाच्याच हातात नसते.

मेंदूला हादरा

इथपर्यंतचे सारे प्रशिक्षकाचे राज्य. डोक्याला मार लागला की ते संपते.

मेंदू कवटीत द्रवावर तरंगत असतो. डोक्याला किंवा शरीराला जोराची धडक बसली की तो आत हिंदकळतो आणि पिळवटला जातो. त्या ताणाने मज्जापेशींच्या आवरणातून पोटॅशियम बाहेर आणि कॅल्शियम आत जाऊ लागते. हा समतोल सावरण्यासाठी पेशींना जास्त ऊर्जा लागते आणि नेमका त्याच वेळी रक्तपुरवठा मंदावलेला असू शकतो. या अवस्थेला कन्कशन म्हणजे मेंदूचा हादरा म्हणतात. बहुतेकांची शुद्ध हरपत नाही. सीटी स्कॅन बहुधा अगदी स्वच्छ येतो. लक्षणे काही तासांनी दिसू शकतात.

क्रिकेटप्रेमींना याचे उदाहरण आठवेल. ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर बसला. तो बाहेर गेला, चाचणीत उत्तीर्ण झाला, पुन्हा फलंदाजीला आला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे डोके दुखू लागले आणि त्याला सामन्यातून बाहेर बसावे लागले. त्याच्या जागी आलेला मार्नस लाबुशेन हा कसोटीतील पहिला कन्कशन बदली खेळाडू ठरला.

हादरा बसलेल्या माणसाला ‘बरे वाटते का?’ असे विचारून फारसा उपयोग नसतो. ज्या अवयवाने उत्तर द्यायचे, तोच दुखावलेला असतो. त्यात खेळाडूला खेळायचेच असते. म्हणून रग्बीने निर्णय खेळाडू आणि प्रशिक्षक दोघांकडून काढून घेतला. २०१२ मध्ये मैदानाबाहेर नेऊन पाच मिनिटांची तपासणी करण्याचा प्रयोग सुरू झाला. पाच मिनिटे अपुरी आहेत अशी टीका झाली, तेव्हा ती दहा झाली. आता बारा मिनिटे मिळतात आणि तेवढ्या वेळापुरता दुसरा खेळाडू मैदानात येतो. वेळ संपेपर्यंत पहिला परतला नाही, तर बदल कायमचा.

बेशुद्धी, झटका, हातपाय ताठ होणे, चालताना झोक जाणे, गोंधळलेली नजर, यांपैकी काही दिसले तर तपासणीही होत नाही. खेळाडू थेट बाहेर. सिंकलरच्या बाबतीत तेच झाले. चित्र स्पष्ट नसेल तेव्हा बारा मिनिटांची परीक्षा घेतात. मैदान कोणते, गेल्या सामन्यात कोण जिंकले असे प्रश्न, शब्द लक्षात ठेवून काही वेळाने पुन्हा सांगणे, आकडे उलटे म्हणणे, टाचेला बोटे लावून एका रेषेत चालणे. उत्तरे हंगामापूर्वी त्याच खेळाडूने दिलेल्या चाचणीशी ताडून पाहतात. डॉक्टर धडकेचे चित्रीकरण वेगवेगळ्या कोनांतून पाहतात. संघाच्या डॉक्टरखेरीज एक तटस्थ डॉक्टर असतो आणि तोही खेळाडूला बाहेर काढू शकतो. सामना संपल्यावर तीन तासांच्या आत दुसरी आणि ३६ ते ४८ तासांत तिसरी तपासणी होते. हादरा निश्चित झाला तर बहुतेकांचा पुढच्या आठवड्याचा सामना हुकतोच. २०२४ पासून दातांवर बसवायच्या रक्षकपट्टीत संवेदक आले. कोणाला दिसली नाही अशी जोराची धडक बसली, तरी ते मैदानालगतच्या डॉक्टरला इशारा देतात.

खोटे रक्त

हे सारे इतके काटेकोर का, ते इतिहास सांगतो. १९६८ पूर्वी आंतरराष्ट्रीय रग्बीत बदली खेळाडूच नव्हता. जखमी माणूस तसाच खेळे किंवा संघ एकाने कमी होई. त्या वर्षी प्रिटोरियात ब्रिटिश लायन्सच्या बॅरी जॉनचे गळपट्टीचे हाड मोडले आणि त्याच्या जागी माइक गिब्सन उतरला. तेव्हापासून बदल करता येऊ लागला, पण केवळ दुखापतीसाठी. मग दमलेले खेळाडू अचानक लंगडू लागले. १९९६ मध्ये डावपेचासाठीचा बदलही नियमात आला, तेव्हा लंगडण्याची गरज संपली.

पण एक फट उरली. एकदा बाहेर गेलेला खेळाडू सहसा परत येऊ शकत नाही. रक्तस्राव, डोक्याची तपासणी किंवा पहिल्या रांगेतील दुखापत अशा वेळी मात्र त्याला परत आणता येते. एप्रिल २००९ मध्ये युरोपीय चषकाच्या एका उपांत्यपूर्व सामन्यात लंडनच्या हार्लेक्विन्स संघाचा टॉम विल्यम्स तोंडातून रक्त गाळत बाहेर आला, म्हणजे पेनल्टी मारण्यात तरबेज खेळाडूला परत येता येणार होते. रक्त खोटे होते, तोंडात फोडलेल्या कॅप्सूलचे. प्रकार झाकण्यासाठी त्याच्या ओठाला खरी चीर पाडण्यात आली आणि ती डॉक्टरने पाडली. संघाचे सूत्रधार डीन रिचर्ड्स यांच्यावर तीन वर्षांची बंदी आली.

मार्च २०१७ मध्ये पॅरिसला फ्रान्स-वेल्स सामना ८० मिनिटांऐवजी १०० मिनिटे लांबला. अखेरच्या घालमेलीत फ्रान्सच्या एका प्रॉपला डोक्याच्या तपासणीसाठी बाहेर नेले आणि आधी बदललेला, स्क्रममध्ये अधिक वाकबगार प्रॉप परत आला. फ्रान्स २०-१८ असा जिंकला. चौकशी झाली, पुढे कारवाई झाली नाही. तपासणी खरी होती की सोयीची, हा संशय मात्र राहिला. त्या संशयातच खरे नुकसान आहे. तपासणीचा डाव म्हणून वापर होतो असे एकदा वाटू लागले, की खऱ्या तपासणीवरचाही विश्वास उडतो. ३१ जानेवारी २०२५ रोजी पुण्यातील भारत-इंग्लंड ट्वेंटी-२० सामन्यात हेल्मेटवर चेंडू लागलेल्या शिवम दुबेच्या जागी वेगवान गोलंदाज हर्षित राणा आला आणि त्याने तीन बळी घेतले. तेव्हाही चर्चा दुबेच्या डोक्यापेक्षा ‘बदली खेळाडू तशाच प्रकारचा होता का’ यावरच अधिक झाली.

पणाला काय लागलेले असते, हे इंग्लंडचा माजी हुकर स्टीव्ह थॉम्प्सन याच्याकडे पाहून कळते. २००३ चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघात तो होता. चाळिशीच्या सुरुवातीलाच त्याला स्मृतिभ्रंशाचे निदान झाले. तो अंतिम सामना आपल्याला आठवत नाही, असे त्याने २०२० मध्ये जाहीरपणे सांगितले. उत्तर आयर्लंडमध्ये २०११ साली १४ वर्षांचा एक शाळकरी मुलगा डोक्याला मार बसूनही खेळत राहिला, त्याला पुन्हा मार लागला आणि तो दगावला. पहिल्या हादऱ्यातून मेंदू सावरला नसताना दुसरा बसला तर क्वचित मेंदूला वेगाने सूज येते. कोवळ्या वयात हा धोका जास्त असतो.

आपल्या मैदानावर

शाळेच्या किंवा गावातील मैदानावर, मग खेळ कबड्डी असो, फुटबॉल असो वा क्रिकेट, बाकावर आठ खेळाडू नसतात. चित्रीकरण, तटस्थ डॉक्टर, हंगामापूर्वीची चाचणी, काहीच नसते. तोंडावर पाणी मारायचे, पाठीवर थाप द्यायची आणि पुन्हा उभे करायचे, हीच रीत आहे. बारा मिनिटांची परीक्षा तज्ज्ञ डॉक्टरसाठी आहे, ती मैदानावर घरगुती पद्धतीने करू नये. सर्वसामान्यांसाठी नियम अधिक सोपा आणि अधिक कडक आहे. डोक्याला मार लागल्यावर शंका आली की खेळाडू बाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही. डोके दुखणे, चक्कर, मळमळ, अंधुक दिसणे, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, घडलेला प्रसंग न आठवणे, एवढे शंकेला पुरेसे आहे.

अशा व्यक्तीला पहिले २४ तास एकटे ठेवू नये, वाहन चालवू देऊ नये. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका, वाढती गुंगी, हातापायातील अशक्तपणा, मानेत तीव्र दुखणे किंवा नाका-कानातून पाणी अथवा रक्त येणे, यांपैकी काहीही झाले तर तातडीने रुग्णालय गाठावे. मान दुखत असेल तर जखमीला ओढून उठवू नये. एक-दोन दिवस विश्रांती, मग हळूहळू अभ्यास आणि हालचाल, आणि डॉक्टरच्या संमतीनंतरच पुन्हा खेळ.

रग्बीकडून घेण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे, तिला पैसा लागत नाही. सामना सुरू होण्यापूर्वीच, डोक्याला मार लागलेल्या खेळाडूबाबत शेवटचा शब्द कोणाचा हे ठरवून ठेवावे. तो प्रशिक्षक नसावा, कर्णधार नसावा आणि जखमी मुलगा किंवा मुलगी तर नसावीच. पंच चालतील, दुसऱ्या शाळेचे शिक्षक चालतील, एखादे जाणते पालक चालतील. अट एकच, त्या दिवशी कोण जिंकते याच्याशी त्यांचे देणेघेणे नसावे.